रविवारी घरी करायचे काय?

जानेवारी २०२५ मध्ये देशातील एका बड्या उद्योगसमूहाच्या अध्यक्षांनी, आपल्या कर्मचाऱ्यांकडून रविवारीही काम करून घेता येत नाही याबद्दल खंत व्यक्त केली. घरी बसून तुम्ही करता तरी काय, बायकोच्या तोंडाकडे किती वेळ पाहत राहणार, अशा आशयाचा प्रश्नही त्यांनी विचारला. त्यांच्या मते आठवड्याला ९० तास काम व्हावयास हवे. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये दुसऱ्या एका ज्येष्ठ उद्योजकांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा उपदेश केला होता. दोन्ही वेळी टीका झाली, थट्टा झाली, पत्नीवर्गाच्या वतीने निषेध झाला आणि पंधरा दिवसांत सारे शांत झाले. थट्टेने प्रश्न निकालात निघतो असा आपला एक समज आहे. वस्तुतः प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू बाजूला ठेवला, तर हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. रविवारी घरी करायचे काय? आणि जे करायचे ते रविवारीच का? सात दिवसांतला कोणताही एक दिवस प्रत्येकाला आपापल्या सोयीने मिळाला तर बिघडले कोठे?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार नसते. रविवार आपल्याला हवेसारखा मिळालेला आहे. तो कोणी दिला, कोणी मिळवला, त्यात काय साठवले आहे, याचा हिशोब आपण ठेवलेला नाही; आणि ज्या वस्तूचा हिशोब ठेवलेला नसतो, ती हातातून गेली तरी चटकन ध्यानात येत नाही.

मागणीचा इतिहास

मुंबईच्या गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात साप्ताहिक सुट्टी नव्हती. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत काम चाले आणि यंत्रांच्या साफसफाईसाठी किंवा सणासाठी गिरणी बंद राहील तेवढीच विश्रांती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा भरविल्या. फॅक्टरी कमिशनपुढे ठेवण्यासाठी जे निवेदन तयार झाले, त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. त्यातील पहिली मागणी होती ती दर रविवारी सुट्टी मिळावी ही. दुपारी अर्धा तास विसावा, पगार महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, अपघात झाल्यास काहीतरी भरपाई, या मागण्या तिच्यामागून येतात. पगारवाढीचे नावही नाही. पोटाला पुरेसे न मिळणाऱ्या माणसांनी पैशाच्या आधी वेळ मागितला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

त्यानंतर सहा वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे १०,००० कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारच्या सुट्टीची मागणी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार मिळाला.

लोखंड्यांनी रविवारच का मागितला, याचे उत्तर मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. साहेबाचा दिवस म्हणून त्यांनी तो मागितला नाही. रविवार हा खंडोबाचा वार आहे, कामगारवर्गातील पुष्कळांचे कुलदैवत जेजुरीला आहे, तेव्हा हा दिवस आमच्या लोकांना देवासाठी हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे एकाच वारी साहेब चर्चमध्ये गेला आणि गिरणीकामगाराने भंडारा उधळला. दोघांच्या देवांची ओळख नसेल, परंतु वाराने दोघांना मोकळे केले. दिवस सामायिक असावयास त्याचे कारण सामायिक असावे लागत नाही.

सामायिक वाराची ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असेही नाही. पुण्यातील पेठांना वारांची नावे आहेत. गावोगावचे आठवडी बाजार वारावर भरतात. कोकण किनाऱ्यावर तेलघाणे चालविणारे बेने इस्रायली शनिवारी घाणा जुंपीत नसत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. एक समाज कोणत्या दिवशी काम करतो यापेक्षा कोणत्या दिवशी करीत नाही, यावरून ओळखला गेला. बैलाला पोळ्याच्या दिवशी औताला न जुंपण्याची आपली रीतही याच जातीची. यहुद्यांच्या दहा आज्ञांत विश्रांतीच्या दिवसासंबंधी जी आज्ञा आहे, तिच्यात घरधन्याबरोबर मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका या साऱ्यांचा उल्लेख येतो. धनी तेवढा विसावला आणि बैल चालतच राहिला, तर ती विश्रांती नव्हे, हा तिचा अर्थ. पोळा पाळणाऱ्या शेतकऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

उपासनेची सकाळ

रविवारचे हे रूप पाहावयाचे तर महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांकडे पाहावे. तेथे त्या दिवसाला अजून आकार आहे. ख्रिस्ताचे पुनरुत्थान रविवारी झाले अशी श्रद्धा असल्यामुळे यहुद्यांच्या शनिवारऐवजी ख्रिस्ती लोकांनी हा दिवस धरला आणि ३२१ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने त्या दिवशी न्यायालये व शहरांतील कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतकऱ्यांना मात्र त्याने मोकळीक दिली, कारण पेरणीचा हंगाम हुकमाने थांबत नाही.

वसईच्या कुठल्याही गावात रविवारी सकाळी घंटा झाली की वाडीवाडीतून माणसे निघतात. शनिवारी रात्री कपड्यांना इस्त्री झालेली असते. बावखलाच्या काठाने, केळीच्या वाड्यांमधून, आता बऱ्याच ठिकाणी इमारतींच्या मधल्या गल्ल्यांतून आजी, सून आणि नातवंडे मिस्सासाठी जातात. नगर, सोलापूर, जालना या बाजूच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मुलांची शब्बाथ शाळा, नंतर उपासना, ‘उपासना संगीता’तील गीते, पाळकांचे प्रवचन, अर्पण आणि शेवटी आवारात रेंगाळणे हा क्रम असतो. या शेवटच्या भागाचा कार्यक्रमपत्रिकेत उल्लेख नसतो. परंतु कोण आजारी आहे, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाच्या घरी आठवडाभर दिवा लागलेला नाही, हे सारे तेथेच कळते. मंडळी म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने प्रवचनाइतकेच त्या रेंगाळण्याकडे लक्ष द्यावे.

या उपासनेची मराठी भाषेशी असलेली सोयरीक जुनी आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे ११,००० ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले. १६१६ मध्ये रायतूर येथे छापलेला हा ग्रंथ गोव्यातील चर्चमधून रविवारी आणि सणांच्या दिवशी लोकांपुढे वाचला जाई. मिस्साची भाषा लॅटिन. ती लोकांना कळत नसे. ओवी मात्र कळे. पुढे १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वेदीवर जागा दिली आणि मराठी मिस्सा सुरू झाली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. त्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते निवर्तले. साडेतीन शतके लॅटिनमागे उभी राहिलेली भाषा अखेर वेदीवर आली आणि तिला वेदीवर आणणाऱ्यांपैकी एक जण मराठी साहित्याच्या व्यासपीठावर मानाने बसला, ही घटना भाषेच्या इतिहासात लहान नाही.

पण येथे मुद्दा वेगळा आहे. उपासना एकट्यानेही करता येते. भक्ताला वाराची गरज नाही. सामुदायिक उपासनेला मात्र ती आहे. दहा वाजता शंभर माणसांनी एका सुरात गाणे म्हणावयाचे, तर त्या शंभर माणसांना दहा वाजता मोकळे असावे लागते. त्यांतील चाळीस मंगळवारी मोकळे आणि साठ गुरुवारी, अशी वाटणी झाली, तर सुट्टीच्या तासांची बेरीज तेवढीच राहील, परंतु गाणे होणार नाही. हेच भजनी मंडळाला लागू आहे आणि हेच शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाला. ज्यांचा सामुदायिक दिवस रविवार नाही, त्यांना त्यासाठी काय ओढाताण करावी लागते, याचाही विचार रविवारवाल्यांनी करावयास हवा.

मैदान आणि गड

दुपार सरली की रविवार घराबाहेर पडतो. वसईच्या किल्ल्यात चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयाच्या खुणा शोधणारे थोडे आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला डबे सोडणारे पुष्कळ. तरीही दोन्ही वर्गांचा दिवस चांगला जातो. मुंबईत पावसाळी क्रिकेटची डॉ. कांगा लीग १९४८ पासून चालत आली आहे. ओल्या गवतात अडकणारा चेंडू आणि अंगावर येणारी सर यांत फलंदाजी शिकलेल्यांची नावे पुढे देशाच्या संघात दिसली. ती लीग रविवारची. कारण तीत खेळणारे बँकांतले, कचेऱ्यांतले, महाविद्यालयांतले. लोहगडाला, राजमाचीला जाणाऱ्या पहाटेच्या गाड्या रविवारीच भरतात.

या खेळांत शिकवणी नाही, प्रमाणपत्र नाही, पुढच्या वर्गातील प्रवेशासाठी उपयोग नाही. बाप मुलाला पोहायला शिकवतो, आत्या भाचरांना करवंदांची जाळी दाखवते, शेजारचे काका लंगडी घालताना पडतात आणि सगळे हसतात. निरुपयोगी गोष्टी एकत्र केल्यानेच नाती उपयोगी पडतात, हे कोणत्याही एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला ठाऊक आहे. अकरा जणांचा संघ जमवावयाचा, तर अकरा जण एका दिवशी मोकळे लागतात, हा हिशोब येथेही चुकत नाही. आज मैदाने कमी झाली ही तक्रार खरी आहे. तथापि आहे त्या मैदानावर खेळायला दहावीतला मुलगा येत नाही, कारण त्या वेळी त्याची सराव परीक्षा असते, हीही तक्रार तितकीच खरी आहे.

वाचनाची दुपार

वाचन हा एकट्याचा उद्योग, त्याला रविवार कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु मराठी घरांतील वाचन एकट्याचे कधीच नव्हते. पोथी एक जण वाची आणि घर ऐके. वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी घरात पानापानाने वाटली जाते. शब्दकोडे एकाकडे, कथा दुसऱ्याकडे, परीक्षण तिसऱ्याकडे आणि चहाच्या वेळी तिघांचे भांडण. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे. म्हणजे रविवारची सुट्टी मान्य झाल्यानंतरच्या आठ वर्षांत ही दोन मोठी संग्रहालये उभी राहिली. एकामुळे दुसरे झाले असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु वाचावयास पुस्तक आणि पुस्तकास वेळ या दोन गोष्टी एकाच पिढीने मागितल्या, एवढे खरे.

अलीकडे पुन्हा वाचलेल्या पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चा उल्लेख येथे करावासा वाटतो. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र पुष्कळांनी शाळेत उताऱ्यांच्या रूपाने वाचलेले असते आणि तेवढ्यावरच थांबलेले असते. समग्र वाचताना ध्यानात येते की, हे धर्मांतराचे पुस्तक असूनही त्यात धर्मचर्चा फार थोडी आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली वर्षे ताटातुटीची, विटाळशुचीची आणि लोकापवादाची. परंतु लेखिका हा सारा पालट दाखवते तो पाण्याच्या घागरीतून, सोवळ्यातून, कोणाच्या हातचे खावे या प्रश्नातून, नवऱ्याच्या विक्षिप्त उदारपणातून आणि स्वतःच्या हट्टातून. शाळेत न गेलेल्या या बाईने रोजच्या संसारातील बारीकसारीक गोष्टींत माणसाचा धर्म दिसतो, हे मराठीला दाखवून दिले.

या घराची आणखी एक हकीकत आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य रचावयास घेतले आणि ते अपुरे ठेवून १९१९ मध्ये ते वारले. पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला आणि त्यांच्यामागे चिरंजीव देवदत्त यांनी ते पूर्ण केले. ‘स्मृतिचित्रां’चा शेवटही देवदत्तांनीच पुरा केला. एका कुटुंबातील तिघांनी मिळून एक काव्य लिहावे, असे उदाहरण आपल्या वाङ्मयात विरळा. त्या घरात कीर्तने झाली, अनाथ मुले वाढली, भांडणे झाली आणि कविताही झाल्या. या सर्वांना लागते ती एकच वस्तू. एका छपराखाली, एका वेळी, कोणतीही घाई नसलेली माणसे. टिळकांच्या घरी पैसा कधीच टिकला नाही. ही वस्तू मात्र होती.

पाच रंगांचा आठवडा

सुट्टीचे तास तेवढेच ठेवून त्यांची वाटणी केली तर काय होते, याचा प्रयोग एका मोठ्या देशात होऊन गेला आहे. १९२९ मध्ये सोव्हिएट रशियाने यंत्रे अखंड चालावीत म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडला आणि पाच दिवसांचा केला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला एक रंग दिला. आज पिवळ्यांची सुट्टी, उद्या गुलाबींची. कागदावर पाहिले तर कामगाराचा फायदाच होता, कारण सातांत एकाऐवजी पाचांत एक दिवस मोकळा. परंतु नवरा एका रंगाचा, बायको दुसऱ्या आणि मित्र तिसऱ्या. बायको कारखान्यात, मुले शाळेत आणि भेटायला येणारे कोणी नाही, तर घरी करायचे काय, जी एकट्यानेच साजरी करावयाची ती सुट्टी कसली, अशा आशयाचे एका कामगाराचे पत्र ‘प्रावदा’ने छापले होते.

लेखाच्या आरंभीचाच प्रश्न, पण विचारणारा बदललेला. उद्योगपतीने तो विचारला तेव्हा त्यात तुच्छता होती. कामगाराने विचारला तेव्हा त्यात पोरकेपणा होता. १९३१ मध्ये सोव्हिएट सरकारने सर्वांना एक सामायिक सुट्टी परत दिली, आठवडा मात्र सहा दिवसांचा केला; आणि जून १९४० मध्ये सात दिवस व रविवार पुन्हा आले. ज्या राजवटीने चर्चेसना कुलपे ठोकली, तिला त्या दिवसाचे रशियन नावही बदलता आले नाही. त्या नावाचा अर्थ ‘पुनरुत्थान’ असा आहे.

आपल्याकडे कोणी रंग वाटलेले नाहीत. तरीही वाटणी होत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचा पहिला दिवस, म्हणजे रविवार, हाच सुट्टीचा दिवस धरला होता आणि बदल करावयाचा तर आगेमागे तीन दिवसांत दुसरी सुट्टी देण्याचे बंधन घातले होते. त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने कायद्यात दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याची तरतूद होती. २०१७ च्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्यास वाट दिली. नोकराला सलग २४ तासांची सुट्टी मात्र आळीपाळीने मिळावी, अशी व्यवस्था ठेवली. नोकराचा हक्क शाबूत आहे, नाही असे नाही. परंतु दुकान बंद असण्याचा दिवस आणि नोकर मोकळा असण्याचा दिवस यांची फारकत झाली. मॉलमधील विक्रेती, दारावर जेवण पोचविणारा मुलगा, इमारतीचा पहारेकरी, रात्रपाळीचा संगणक-कर्मचारी यांना सुट्टी मिळते ती बुधवारी, सोमवारी. जेव्हा त्यांचे घर कामावर किंवा शाळेत असते.

दुसरीकडे, ज्यांचा रविवार कायद्याने सुरक्षित आहे, त्यांचाही पोखरला जात आहे. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा केला. बँकांना सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी मिळू लागली. दिवस वाढले, पण खिशातील भ्रमणध्वनीवर साहेबांचा निरोप येणे थांबले नाही. शिक्षकांना मतदारयाद्यांची कामे आणि प्रशिक्षणे रविवारी. विद्यार्थ्यांना खासगी वर्ग आणि त्यांच्या चाचण्या रविवारी. स्पर्धापरीक्षाही बहुधा रविवारी, कारण त्या दिवशी शाळांच्या इमारती रिकाम्या असतात. इमारत रिकामी आहे हे सर्वांना दिसते. ती रिकामी असल्यामुळेच कोठेतरी घर भरलेले असते, हे कोणाला दिसत नाही.

दोन आक्षेप

एक आक्षेप असा की, सर्वांनाच रविवार हवा म्हटल्यावर रुग्णालय कोणी चालवायचे, एस.टी. कोणी हाकायची? आक्षेप रास्त आहे. परिचारिका, मोटरमन, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान यांना पाळी चुकणार नाही आणि त्यांच्या त्या त्यागावरच इतरांचा रविवार उभा आहे. परंतु आवश्यक सेवा आणि सोयीची सेवा यांत भेद करता येतो. रविवारी रात्री ११ वाजता आइस्क्रीम दहा मिनिटांत दारात यावे, ही गरज नव्हे. जर्मनीच्या राज्यघटनेने रविवारच्या विश्रांतीला संरक्षण दिलेले आहे आणि २००९ मध्ये तेथील घटना-न्यायालयाने, नाताळपूर्व चारही रविवारी दुकाने उघडी ठेवण्याची बर्लिनची सवलत रद्द ठरविली. जर्मनी त्यामुळे मागासलेला राहिला असे ऐकिवात नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे आणि तो घरातूनच येतो. रविवार कोणाचा? पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसतो, मुले मैदानावर जातात, पाहुणे येतात; आणि स्वयंपाकघरात त्या दिवशी आठवड्यातील सर्वांत जास्त काम असते. उपासनेहून परतलेली बाई चपला काढते ती थेट चुलीपुढे. जिची नोकरी आहे तिचे आठवड्याचे साचलेले कपडे, दळण, निवडटिपण हे सारे याच दिवशी. आणि तिला हातभार लावणाऱ्या मोलकरणीला तर रविवारी रजा मागण्याचीही सोय नसते, कारण त्या दिवशी घरी माणसे असतात. महालक्ष्मीच्या त्या सभेत १८९० मध्ये दोन स्त्रियांनी रविवार मागितला होता. गिरणीतला रविवार त्यांना मिळाला. घरातला अजून मिळावयाचा आहे. दास-दासींनाही विसावा सांगणारी ती जुनी आज्ञा दरवर्षी वाचणाऱ्या घरांनी आणि पोळ्याला बैलाची पूजा करणाऱ्या घरांनी आपापल्या ओट्याकडे एकदा पाहावे. सामायिक विश्रांतीची मागणी सरकारपुढे ठेवण्याचा अधिकार, ती घरात पाळल्याखेरीज येत नाही.

करता येण्यासारखे

सारे आठवडे एका ठरावाने सुधारत नसतात. तथापि काही गोष्टी आजही करता येतील. शिक्षणसंस्थांनी आणि खासगी वर्गांनी रविवारी चाचण्या घेऊ नयेत. पालकांनी तशी मागणी करावी, कारण आज उलट मागणी पालकच करतात. परीक्षा मंडळांना रविवार टाळता येत नसेल, तर निदान ईस्टर, झावळ्यांचा रविवार यांसारखे सण पाहून वेळापत्रक आखावे. पाळीने सुट्टी देणाऱ्या मालकांनी महिन्यातून एक तरी रविवार प्रत्येक नोकराच्या वाट्याला यावा, अशी यादी करावी. तिला फारसा खर्च येत नाही. कामाच्या वेळेनंतर निरोप न पाठविण्यासंबंधी डिसेंबर २०१८ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते; त्याचा कायदा होण्याची वाट न पाहता कचेऱ्यांना तो नियम आपल्यापुरता करता येईल. आणि घरोघरी, रविवारचा एक वेळचा स्वयंपाक पुरुषांनी आणि मुलांनी करावा. तो बिघडेल; पण एक रविवार बिघडलेल्या आमटीवर निभावतो.

लोखंडे १८९७ मध्ये वारले. मिळविलेल्या रविवारांपैकी साडेतीनशेही त्यांच्या वाट्याला आले नाहीत. ज्या गिरण्यांसाठी तो लढा झाला, त्यांची धुराडी केव्हाच थंडावली. मागे राहिला तो एक वार. त्या वारी घंटा होते, येळकोट होतो, मैदानावर अकरा जण जमतात आणि कोणीतरी कोणाला तरी पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचून दाखवते. तो मिळविण्यास सहा वर्षे आणि हजारो सह्या लागल्या. तो घालविण्यास कोणाचीच सही लागत नाही. पहिल्या रविवारी एक चाचणी, दुसऱ्या रविवारी एक बैठक आणि तिसऱ्या रविवारी केवळ सवय, एवढ्याने भागते.